किमयागाराचे हात

माझे वडील सिनेमात होते, असं मी लग्नानंतर सासरी पहिल्याच महिन्यात बोलून गेले आणि जन्मभराची थट्टा पदरात पाडून घेतली. "कुठल्या सिनेमात?" सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं. मला नाव सांगता येईना, कारण त्या सिनेमाचं नाव आमच्यादेखत तीनदा बदललं होतं आणि शेवटी काय ठेवलं ते आम्हांला कोणी कळवलं नव्हतं. "बरं, काम कसलं होतं? राजाचं?" नाही. "प्रधानाचं?" नाही. "मग?" मी म्हटलं, "हातांचं." झालं. त्यानंतर सांगलीतल्या त्या घरात कुठली वस्तू जागेवर नसली, की धाकटे दीर हमखास म्हणायचे, "वहिनीच्या वडिलांचे हात इथून गेले वाटतं." मी पण हसायचे. हसण्यावाचून दुसरं करते काय? पण मी खोटं बोलले नव्हते. म्हणजे त्या बाबतीत नव्हते. दुसऱ्या एका बाबतीत बोलले होते, आणि ते कुठंतरी लिहून ठेवावं म्हणून हे प्रकरण.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडं. ज्वारी, मटकी आणि आभाळाकडं बघणं, एवढीच तिथली पिकं. म्हणून आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईला जातात. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं, हिणकस सोनं-चांदी वितळवायची, त्यातला कस वेगळा काढायचा आणि शुद्ध लगड करून परत द्यायची. मुलखातल्या कुठल्याही गावच्या सराफकट्ट्यामागच्या बोळात शिरा, एका अंधाऱ्या खोलीत भट्टीपुढं बसलेला माणूस "कुठलं गाव?" असं मराठीत विचारील. आमचे आण्णा तसे मद्रास मुलखातल्या एका बोळात बसत. वर्षाचे अकरा महिने तिथं आणि मे महिन्यातले वीसेक दिवस आमच्याकडं. लहानपणी मला वाटे, वडील हा आंब्यासारखाच प्रकार असतो. उन्हाळ्यात येतो, पाऊस पडायच्या आत संपतो.

त्यांचे हात पिवळे होते. गलाईत तेजाब वापरतात, ते कातडीला लागलं की पिवळा डाग पडतो आणि धुऊन जात नाही. दोन्ही हातांची बोटं पेरापर्यंत हळदीत बुडवल्यासारखी, आणि डाव्या अंगठ्याला नखच नव्हतं. तिथं भाजून एक गुळगुळीत खळगा झाला होता. शाळेत बाईंनी "वडील काय करतात?" असं विचारल्यावर मी पहिलीत "हळद करतात" म्हणून सांगितलं होतं, आणि सांगली जिल्ह्यात त्या उत्तरावर कोणाला शंकाही आली नाही. आण्णांना मात्र त्या हातांची लाज वाटे. आमच्याकडं त्यांचे चार फोटो आहेत. एकात हात मागं, एकात खिशात, एकात उपरण्याखाली. चौथ्यात त्यांनी मला धरलंय, म्हणजे माझ्या फ्रॉकच्या आड दडवलेत.

ते येत त्या दिवशी घराचा वास बदलायचा. पत्र्याची ट्रंक उघडली की केळ्याचे वेफर्स, चंदनी साबण आणि कॉफीची पूड असा एकत्र भपकारा यायचा. आण्णांना सकाळी कॉफी लागे. आई चहाच्याच पातेल्यात ती करायची आणि कप पुढं ठेवताना तोंड असं करायची, जसं काही घरात कोणी सवत आणून बसवलीये. आण्णा घोट घेत आणि मान हलवत "आमा, आमा" म्हणत. तिकडं होकाराला तसं म्हणतात. इथं आल्यावर चार दिवस ते अर्धे तिकडचेच असत. मग हळूहळू 'व्हय' वर येत, माझ्या वेणीची रिबीन बांधायला शिकत, दारातल्या कडुनिंबाखाली बाज टाकून पडत, आणि अगदी आमचे झाले म्हणेपर्यंत ट्रंक पुन्हा भरायची वेळ होई. अजूनही कुठं कॉफी उकळायचा वास आला, की मला आधी सुटी लागल्यासारखं वाटतं आणि मग कोणी ट्रंक भरायला काढल्यासारखं.

दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आण्णा आले आणि आम्ही तिघं उंब्रजला मामाकडं गेलो. आईचं ते माहेर. आदल्या वर्षी आजी वारली, तेव्हा तिच्या हातातल्या दोन पाटल्या मामानं आईला दिल्या होत्या. "आक्का, ह्या तुझ्याच," म्हणाला, आणि मामीच्या तोंडाकडं न बघता बाहेर निघून गेला. आईनं त्या घातल्या त्या घातल्याच. एका पाटलीच्या कडेला बारीक खड्डे होते. मला दात येत होते तेव्हा मी आजीच्या मांडीवर बसून ती पाटली चावायचे, त्याच्या खुणा. "सोनं खाऊन वाढलीय ही," आजी म्हणायची. आज वजनकाट्यावर उभी राहते तेव्हा मला तिचं म्हणणं पटतं.

मामाचं गुऱ्हाळ होतं. उसाचा हंगाम संपला की ते बंद असायचं. त्या वर्षी मात्र गुऱ्हाळापुढं तीन मोटारी उभ्या होत्या आणि आत काळे कपडे टांगले होते. पुण्या-मुंबईकडचे लोक एक ऐतिहासिक सिनेमा काढत होते. त्यांना मोठी भट्टी आणि धुराडं हवं होतं, आणि मामाचं गुळाचं चुलवाण त्यांना आयतंच सापडलं. जिथं कायम काकवीचा घमघमाट असायचा, तिथं आता मातीची मडकी, काचेच्या वाकड्या नळ्या, पोथ्या आणि एक पेंढा भरलेलं घुबड. मामा येईल त्याला दाखवायचा, "हितं माझी काहील असती. आता हितं किमयागार बसतो." गावातल्या बायका जाता-येता आत डोकावत आणि घुबडाला बघून थू थू करत.

गोष्ट अशी होती. एका राजाचा खजिना लढाया करून रिकामा झालेला. त्याच्या कानावर येतं, की आपल्या राज्यात एक माणूस तांब्याचं सोनं करायच्या नादाला लागलाय. तो त्याला पकडून आणतो आणि सांगतो, अमावास्येपर्यंत सोनं दे, नाहीतर मान दे. किमयागाराला राजाचं भय नसतंच. त्याला एकच ध्यास, की आपण मरायच्या आत मुशीत तो रंग एकदा दिसावा. बायको-पोरं उपाशी, हा भट्टीपुढून हलत नाही. आणि शेवटच्या दिवशी खरंच मुशीतून सोन्याची धार पडते. पुढं काय होतं ते मात्र ठरलेलं नव्हतं. दिग्दर्शक रोज वेगळं सांगायचे. बारीक अंगाचे, डोळे लाल झालेले, सदऱ्याचं एक बटण नेहमी चुकलेलं. मला तर तेच किमयागार वाटत. हिरो आपला गुटगुटीत, गोरा, मधल्या वेळी फोडी केलेली पपई खाणारा. मी रोज दोनदा पावडर लावून गुऱ्हाळापुढून मुद्दाम हळूहळू जात असे. किमयागाराला मुलगी असावी असं त्यांना ऐन वेळी सुचेल, अशी माझी फार आशा. सुचलं नाही. घुबडाला पण माझ्यापेक्षा जास्त काम मिळालं.

आण्णा पहिल्या दिवशी नुसते बघायला गेले. हिरो फुंकणी उलटी धरून भट्टी फुंकत होता. आण्णा कोपऱ्यात पाच मिनिटं कसेबसे गप्प बसले. मग म्हणाले, "आवं सायेब, त्यो निखारं न्हाई, सवताचं गाल फुगवतुय." लोक हसले. दिग्दर्शकांनी वळून पाहिलं, आणि आण्णांनी सवयीनं हात पाठीमागं घेतले. पण दिग्दर्शकांनी ते पाहिले होते. ते पुढं आले आणि म्हणाले, "जरा हात दाखवता?" आण्णा लाजून मामाकडं बघू लागले. "दाखवा की दाजी," मामा म्हणाला, "खात न्हाईत ती." आण्णांनी हात पुढं केले. दिग्दर्शक ते उलटसुलट करून कितीतरी वेळ बघत राहिले. पिवळी बोटं, नख नसलेला अंगठा, मनगटावरचे भाजल्याचे डाग. हळू आवाजात म्हणाले, "हे हात मी सहा महिने शोधतोय." माझ्या वडिलांच्या हातांना तसं कोणी म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यांनीही नसावं. कारण घरी येताना त्यांनी ते हात खिशात घातले नाहीत, सबंध रस्ताभर बाजूला मोकळे सोडले होते, कोणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे.

मग रोजचंच झालं. हिरोचं तोंड आणि आण्णांचे हात मिळून एक किमयागार व्हायचा. आण्णांना भगवी कफनी घालत. त्यांनी भाता कसा धरायचा, मूस कशी तापवायची, धातूचा मळ सुटायला सवागीची पूड कधी टाकायची हे सगळं त्या लोकांना शिकवलं. त्यांची सुटी संपत आली होती, पण दिग्दर्शकांनी आणखी पंधरा दिवस राहायची गळ घातली आणि आण्णांनी तिकडं तार केली. तार! त्यांच्या आयुष्यात त्यांनी न जाण्यासाठी केलेली ती पहिली तार. मग एकदा चहा पिताना दिग्दर्शक सहज म्हणाले, "कोल्हापूरला अशी कामं निघत असतात. तुमच्यासारखा माणूस आम्हांला लागतो." ते सहज म्हणाले, मी मात्र सहज ऐकलं नाही. कोल्हापूर म्हणजे सकाळच्या एस्टीनं जाऊन संध्याकाळच्या एस्टीनं घरी! मी मनातल्या मनात आण्णांचा डबा भरायला सुरुवात केली. कोणती भाजी कोणत्या वारी, इथपर्यंत ठरवून झालं.

शेवटी ती सोन्याची धार पाडायचा दिवस आला. त्याच दिवशी मामाच्या घरी कुरडयांचा घाट. गच्चीवर साड्या अंथरलेल्या, खाली मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक शिजत होता. चीक हाटताना हात थांबवता येत नाही, गुठळ्या होतात. आई पदर खोचून लाकडी उलथन्यानं तो फिरवत होती. वाफ लागते, चीक चिकटतो, म्हणून तिनं पाटल्या काढून तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या. हातात आल्यापासून त्या पहिल्यांदाच निघाल्या. मी वाटीभर चीक, दूध आणि गूळ घालून, उभ्याउभ्या खाल्ला आणि गुऱ्हाळाकडं पळाले.

तिथं वेगळंच चाललं होतं. निर्माते आले होते. पांढरी मोटार, पांढरे कपडे, गळ्यात बोटाएवढी सोन्याची साखळी. आजच्या आज हे चित्रण संपवा, उद्या सगळं गुंडाळायचं, असं त्यांनी दिग्दर्शकांना सगळ्यांसमोर सुनावलं होतं. राजाच्या वेषातला नट बाहेर बाजेवर बसून विडी ओढत होता, आणि खरा राजा आत ओरडत होता. सोनं म्हणून ओतायला कराडच्या मोडबाजारातून पितळ आणलं होतं. आण्णांनी ते वितळवलं. मुशीतून पांढराफेक धूर निघाला.

"ह्यो धूर बघा," आण्णा म्हणाले. "पितळेतलं जस्त जळतंय. सोन्याला धूर नसतो सायेब. आन् रंगबी ह्यो न्हवं."

"चालेल हो," निर्माते म्हणाले. "कोणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

"तुम्ही एकटे बघणार आहात का सिनेमा?"

आण्णा ओशाळून हसले, पण हलले नाहीत. "आमच्या गावची निम्मी माणसं भट्टीपुढं बसत्यात. मुलखाच्या कुठल्याबी थेटरात चार तरी असणार. त्यो धूर बघून म्हनतील, ह्यो कुठला किमयागार, ह्यो तर भांड्याला कल्हई लावणारा. हात माझं हायत सायेब."

दिग्दर्शक हळूच म्हणाले, "बरोबर बोलतायत ते." मग ते निर्मात्यांच्या गळ्याकडं बघायला लागले. आण्णाही बघायला लागले. आम्ही सगळेच बघायला लागलो. निर्मात्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

आतल्या काळोखात भाता फुसफुसत होता. आण्णांच्या तोंडावर निखाऱ्याचा उजेड होता आणि त्यांच्या डोळ्यांत मी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. हावच म्हणायची, पण सोन्याची नव्हे. आयुष्यभर त्यांनी तो रंग पाहिला होता, पण एकट्यानं, बोळातल्या खोलीत. आता तो सगळ्यांना दाखवायची संधी होती. त्यांनी मला जवळ बोलावलं. "सुशाबाय, पळत जा. आयीला इचार, पाटल्या दितीस का. म्हनावं सोनं कुठं जात न्हाई, दिवस मावळायच्या आत तुझ्या हातात दितो. न्हाई म्हनली तर न्हाई. जबरदस्ती न्हाई."

मी पळाले. आई चुलीपुढं तशीच, घामानं निथळत, उलथनं फिरवत होती. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय उंडारून? ये, जरा हाट. दंडाचं तुकडं पडलं माझ्या." मी दारात उभी राहिले. विचारायचं वाक्य तोंडात तयार होतं. पण तिचं उत्तर काय येणार ते मला माहीत होतं, आणि ते उत्तर घेऊन परत गेले तर काय होणार तेही दिसत होतं. पितळ ओततील, आण्णा हात आखडतील, कोल्हापूर नाही, डबा नाही, कडुनिंबाखालची बाज नाही, चार दिवसांत ट्रंक. मी म्हटलं, "पाणी प्यायला आले." आतल्या खोलीत गेले, तांदळात कोपरापर्यंत हात घातला. पाटल्या गार लागल्या. परसदारानं बाहेर पडले. गुऱ्हाळात आण्णांनी विचारलं, "काय म्हनली?" मी म्हटलं, "हो म्हणाली."

इतक्या वर्षांत त्या दोन शब्दांसारखं गुळगुळीत वाक्य मला पुन्हा लिहिता आलेलं नाही.

आण्णांनी पाटल्या मुशीत ठेवल्या. मी अगदी शेजारी होते. आधी काहीच झालं नाही. मग त्या लाल झाल्या, मग कडा ओल्या दिसू लागल्या. माझ्या दातांचे खड्डे असलेली कड माझ्या बाजूला होती. ते खड्डे एकेक करून भरून आले, जसे कधी नव्हतेच. मग दोन्ही पाटल्या एकमेकींवर टेकल्या, आणि खाली नुसता एक थरथरणारा थेंब राहिला. धूर नाही, काही नाही. तो रंग मला सांगता येणार नाही. पिकलेल्या आंब्यात दिवा लावला तर दिसेल तसा, असं मी एकदा लिहून खोडलं होतं, आता दुसरं सुचत नाही म्हणून तेच लिहिते. "चालू," दिग्दर्शक कुजबुजले. आण्णांनी सांडशीनं मूस उचलली, मनगट किंचित कलतं केलं आणि साच्यात धार सोडली. हात जराही हलला नाही. गुऱ्हाळात माशी शिंकली असती तरी ऐकू आली असती. धार संपल्यावर पहिला आवाज झाला तो दिग्दर्शकांच्या रडण्याचा. निर्मातेदेखील बटण लावलेल्या गळ्यानं "वा" म्हणाले.

लगड थंड करून, धुऊन, आण्णांनी ती आपल्या उपरण्यात गुंडाळली आणि ऊन उतरायच्या आत, कबूल केल्याप्रमाणं, घरी आणली. मी मागोमाग. पळून जायचं मनात होतं, पाय मात्र त्यांच्या मागंच चालत होते. आई गच्चीवर शेवटच्या कुरडया घालत होती. आण्णांनी उपरणं सोडलं.

"हे काय?" आई म्हणाली.

"तुझ्या पाटल्या की! आगं काय धार पडली म्हनून सांगू! सायेब रडलं."

आईनं सोऱ्या खाली ठेवला. एकदा लगडीकडं बघितलं, एकदा स्वतःच्या मनगटांकडं. मग धावत खाली गेली, आणि तांदळाचा डबा उपडा केल्याचा आवाज आम्ही वर ऐकला. परत आली तेव्हा तिच्या हाताला तांदूळ चिकटले होते.

"कुनाला इचारून केलंसा?"

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी कुरडयांकडं पाहिलं. एवढं पुरे झालं. जन्मभर हिण कुठं आहे ते ओळखणारा माणूस, त्याला किती वेळ लागणार? मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "चुकलं माझं. इचारायला पायजे हुतं." आणि मग, त्यांच्या परीनं समजूत घालत, "पर सोनं कुठं गेलंय? गुंजभर कमी न्हाई. तोलून बघ."

"सोनं हाय," आई म्हणाली. "माझ्या आईच्या पाटल्या कुठं हायत?"

हजारो बायकांचे डागदागिने त्यांनी मुशीत घातले असतील. ते कोणाच्या हातातून आले हे त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. गच्चीवर ओल्या कुरडयांचा आंबूस वास होता, खालून मामी "काय झालं?" म्हणून ओरडत होती, आणि माझे वडील पिवळे हात उपरण्याखाली लपवत होते.

ते चौथ्या दिवशी गेले. राहिलेले दिवस त्यांनी घेतलेच नाहीत. उंब्रजच्या स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेले होते. मी रडत होते, पण बोलत नव्हते. बोलायला हवं होतं त्या जागी नुसतं रडून वेळ मारून नेण्यात मी तेव्हापासूनच पटाईत. आण्णा म्हणाले, "मनाला लावून घिऊ नगं. सोनं एकदा मुशीत गेलं, की मागचं त्याला काय आठवत न्हाई." गाडी आली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला नाही. कोल्हापूरचं काम पुढं कधी निघालं नाही. सिनेमा पुण्या-मुंबईला आठवडाभर लागून गेला म्हणे. आमच्यापैकी कोणी पाहिला नाही. दिग्दर्शकांनी त्यानंतर काही काढल्याचं ऐकलं नाही.

पुढच्या मेमध्ये आण्णांनी तिकडच्या चांगल्या सोनाराकडून त्याच लगडीच्या, त्याच वजनाच्या पाटल्या घडवून आणल्या. आईनं हातात घालून बघितल्या. "ह्या कुणाच्या?" म्हणाली, आणि काढून माझ्यापुढं ठेवल्या. तेव्हापासून त्या माझ्या हातात आहेत. गुळगुळीत, एकही खड्डा नसलेल्या. आणि तेव्हापासून एक रीत पडली. आण्णा दरवर्षी यायचे, ट्रंक टेकवायचे, आई कॉफी आणायची आणि कप देता देता हात त्यांच्यापुढं धरून म्हणायची, "बघा." मध्ये काचेच्या बांगड्या आणि कडेला पाटलीची जागा रिकामी. आण्णा म्हणायचे, "बघितलं." पाहुण्यांना ती नवराबायकोची चेष्टा वाटायची. ते कायमचे घरी परतले, म्हातारे झाले, तरी चालू होती. मी कपबश्या उचलायच्या निमित्तानं तिथून निघून जायचे. आण्णांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि आईचे दोन्ही हात तेव्हापासून मोकळेच आहेत.

मागच्या महिन्यात माझ्या लेकीनं हिरोच्या नावावरून फोनवर तो सिनेमा शोधून काढला. कोणीतरी कुठून तरी चढवला होता, रंग उडालेला, मध्ये मध्ये रेघा. आई माझ्याकडं सांगलीत आली होती. दुपारी फोन साखरेच्या डब्याला टेकवून आम्ही दोघी बघायला बसलो. राजा बराच वेळ गरजला, आईला डुलकी लागली. मग काळोख झाला, निखारे दिसले, आणि फोनच्या एवढ्याशा काचेत दोन पिवळे हात आले. मी तिला हलवलं. ती पुढं वाकली. "अंगठा बघ," म्हणाली. "न्हाई ते नख." मूस उचलली गेली. हात इतके जवळ, इतके निवांत. चार फोटोंत कुठं सापडले नव्हते ते.

आणि मी बोलले. कसं बोलले माहीत नाही. मराठी शिकवण्यात हयात गेली माझी, पण त्या वेळी एक वाक्य धड झालं नाही. "आई, त्यांनी विचारायला पाठवलं होतं मला. तुला मी विचारलंच नाही. हो म्हणाली म्हणून सांगितलं. ते राहतील असं वाटलं मला."

ती ओरडेल असं वाटलं. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. फोनकडं बघत होती. मग अगदी पूर्वीच्या, कॉफीच्या कपामागच्या आवाजात म्हणाली, "आवं, मग बोलायचं की! येवढी वर्सं मी आपली..." आणि तिनं त्या हातांवर बोट ठेवलं. चित्र थांबलं. धार मुशीच्या तोंडाशी तशीच लोंबकळत राहिली.

मी पुन्हा चालू करायला हात पुढं केला. "असू दे तसंच," ती म्हणाली, आणि माझं मनगट धरलं. "काढ त्या."

मी साबण आणला. माझ्या हातातून त्या निघता निघेनात, आजीचं बोलणं खरं म्हणायचं. तिच्या हातात मात्र सहज गेल्या आणि कोपरापर्यंत घसरल्या, इतकी ती वाळली आहे. तिनं त्या मनगटाशी आणल्या, दुसऱ्या हातानं तिथंच धरून ठेवल्या, आणि हात साखरेच्या डब्याला टेकलेल्या फोनपुढं केला.

"बघा," म्हणाली.